सॅटेलाइट मेसेंजर: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

मोबाइलची रेंज जिथे संपते तिथून पुढे चालू लागायचे, ही माझी जुनी सवय आहे, आणि परत रेंज येईपर्यंत घरात जो घोर लागून राहतो त्याबद्दल थोरल्या भावाची बोलणी खायची, ही तितकीच जुनी रीत आहे. चौदा महिन्यांपूर्वी दोघांच्याही सोयीसाठी एक सॅटेलाइट मेसेंजर घेतला. तळहातावर मावणारे, वरच्या टोकाला बोटाएवढी जाड अँटेना असलेले हे यंत्र दर ठरावीक मिनिटांनी आपला ठावठिकाणा उपग्रहामार्फत घरी कळवते आणि छोटे संदेश पाठवते व स्वीकारते. तेव्हापासून लहानमोठ्या अकरा भटकंत्यांत ते माझ्या सोबत होते. त्यांतली सर्वांत लांबची नऊ दिवसांची होती आणि त्या नऊ दिवसांत मोबाइलला एकदाही टॉवर सापडला नाही. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. या वर्गातली यंत्रे आतून बरीचशी सारखी असतात, आणि पुढे ज्या तक्रारी येतील त्यांतल्या काही यंत्राच्या, काही विक्रेत्याच्या आणि काही माझ्या स्वतःच्याच आहेत.

माझे मत आधीच सांगून टाकतो. यंत्र चांगले आहे आणि मी वर्गणी पुढे चालू ठेवली आहे. मात्र हे यंत्र एकट्याने शिकून भागत नाही, ही गोष्ट विकत घेताना मला कोणी सांगितली नव्हती. ते खांद्यावर घेऊन जाणाऱ्याने जेवढे शिकायचे, तेवढेच घरी नकाशा उघडून बसणाऱ्यानेही शिकायचे असते, आणि दुसऱ्याचे शिक्षण अधिक कठीण असते.

सुरुवातीचा मोठा घोटाळा ‘जीपीएस’ या शब्दाने होतो. ‘जीपीएस आहे ना, मग घरी दिसेलच की’ असे मला निदान चार जणांनी सांगितले आहे. जीपीएस कोणालाही काही सांगत नाही. जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारे ते उपग्रह अखंड वेळेचे संकेत प्रसारित करत असतात आणि आपल्या हातातले यंत्र ते फक्त ऐकते. किमान चार उपग्रहांचे संकेत किती उशिराने पोहोचले यावरून यंत्र स्वतःची जागा स्वतःच काढते. हा उशीर सेकंदाच्या पंधराव्या हिश्श्याच्या आसपास असतो, आणि त्याच्या मोजणीत एका मायक्रोसेकंदाची चूक झाली तरी अंतरात 300 मीटरचा फरक पडतो. इतक्या नाजूक हिशेबातून निघालेली जागा यंत्राच्या पोटातच राहते. ती घरी पोहोचवायची तर दुसऱ्याच, संदेशवहनाच्या उपग्रहांशी बोलावे लागते. म्हणजे एकाच डबीत एक कान आहे आणि एक तोंड आहे, आणि दोघांच्या अडचणी वेगवेगळ्या आहेत. माझ्या यंत्रावर जागा अचूक दिसते आहे पण संदेश जात नाही, असे कित्येकदा झाले. त्या वेळी यंत्र बिघडले असे समजून मी ते बंद करून पुन्हा चालू करत असे. त्याने गोष्ट आणखी बिघडायची, कारण जीपीएसचे उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला अवघे 50 बिट या गतीने पाठवतात आणि प्रत्येक उपग्रहाचा आवश्यक तेवढा मजकूर ऐकायला अर्धा मिनिट तरी सलग, अडथळ्याविना लागतो.

माझे यंत्र इरिडियमच्या जाळ्यावर चालते. या जाळ्यात 66 कार्यरत उपग्रह आहेत. सहा कक्षा, प्रत्येक कक्षेत अकरा उपग्रह, उंची सुमारे 780 किलोमीटर, आणि पृथ्वीभोवती एक फेरी साधारण 100 मिनिटांत. प्रत्येक उपग्रह आपल्या पुढच्या, मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या कक्षांतल्या शेजाऱ्यांशी थेट बोलतो, त्यामुळे आपला संदेश वरच्या वर हातोहात पुढे सरकत जमिनीवरच्या केंद्रापाशी उतरतो. भर समुद्रात किंवा ध्रुवावर, जिथे हजार किलोमीटरच्या परिसरात कोणतेही केंद्र नाही, तिथूनही ते चालते ते यामुळेच. या जाळ्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. 1998 च्या नोव्हेंबरमध्ये सेवा सुरू झाली, पुढच्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि कोट्यवधी डॉलर खर्चून वर पाठवलेले उपग्रह वातावरणात जाळून टाकण्याची तयारी चालू असताना नव्या मालकांनी ते जाळे नाममात्र किमतीला उचलले. 2017 ते 2019 या काळात 75 नवे उपग्रह सोडून जुने बदलण्यात आले. विटेएवढ्या फोनसाठी उभारलेले जे जाळे मोडीत निघणार होते, त्याच्यावर आज माझ्या खांद्यावरची ही डबी ‘जेवण झाले, झोपतो’ एवढेच सांगते आहे, याची मला अजूनही मौज वाटते.

आता प्रत्यक्ष वापर. उघड्या माळावर किंवा डोंगराच्या धारेवर यंत्राबद्दल तक्रारीला जागाच नाही. संदेश लिहिला, ‘पाठवा’ दाबले, वरच्या कोपऱ्यातला छोटा बाण लुकलुकू लागला, आणि मिनिटाभरात बारीकसा ‘टिंग’ आवाज होऊन तो स्थिर झाला. ढग असोत, भुरभुर पाऊस असो, काही फरक पडला नाही, कारण ही यंत्रे 1.6 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर बोलतात आणि पावसाने अडते ती याच्या कितीतरी वरच्या वारंवारतेवर चालणारी छतावरच्या टीव्हीची तबकडी. ओले दाट झाड, खडक आणि आपले स्वतःचे शरीर मात्र या लहरींना चांगलेच अडवते. पहिल्या दोन भटकंत्यांत मी यंत्र पँटच्या खिशात ठेवत होतो आणि घरच्या नकाशावर माझी जागा दाखवणारे निम्मे ठिपके गायब का, म्हणून विक्रेत्याला पत्रे लिहीत होतो. ही तक्रार माझ्या खात्यावर मांडावी. पाठपिशवीच्या पट्ट्यावर, खांद्याशी, अँटेना आकाशाकडे राहील असे लटकवल्यापासून तो प्रश्न जवळपास मिटला.

खरी परीक्षा घळीत होते. एका दुपारी मी पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणाऱ्या अरुंद घळीत थांबलो होतो. दोन्ही बाजूंना दीडशे-दोनशे फूट कातळ होता आणि डोक्यावर आकाशाची एक चिंधी दिसत होती. पुढची वाट दरड कोसळून बंद झाली होती, म्हणून मागे फिरतो आहे, एवढे कळवायचे होते. बाण लुकलुकत राहिला. पाच मिनिटे, दहा मिनिटे गेली. यंत्र कातळावर उताणे ठेवून मी पाणी प्यालो, बुटातले खडे काढले, पुन्हा पाहिले तरी बाण लुकलुकतोच आहे. तेविसाव्या मिनिटाला ‘टिंग’ झाले. नंतर समजून घेतल्यावर कळले की इरिडियमचे उपग्रह जवळजवळ ध्रुवाकडून ध्रुवाकडे, म्हणजे ढोबळमानाने उत्तर-दक्षिण धावतात. मोकळ्या आकाशात एक उपग्रह क्षितिजापासून क्षितिजापर्यंत नऊ-दहा मिनिटे दिसतो आणि तो मावळायच्या आत त्याच्या मागचा उगवलेला असतो. घळ उत्तर-दक्षिण असेल तर उपग्रह त्या पट्टीतून लांबच्या लांब प्रवास करतो. ती पूर्व-पश्चिम असेल, तर ताशी सुमारे 27,000 किलोमीटर वेगाने जाणारा तो उपग्रह पट्टी आडवी ओलांडतो आणि एखाद्या मिनिटात कड्याआड जातो. तेवढ्या वेळात यंत्राची आणि उपग्रहाची एकमेकांशी ओळख पटली, संदेश गेला आणि पोच आली तर ठीक, नाहीतर पुढच्याची वाट पाहायची. हे कळल्यापासून मी अशा ठिकाणी यंत्राशी झटापट करत नाही. ते सपाट दगडावर ठेवतो, स्वतः दोन पावले बाजूला बसतो आणि वाट पाहतो.

दुसऱ्या जाळ्यांचीही थोडी तुलना करायला हवी, कारण दुकानात यंत्रे शेजारी शेजारी मांडलेली असतात आणि खोक्यांवर सगळीकडे ‘जगभर’ असाच शब्द असतो. ग्लोबलस्टारचे उपग्रह सुमारे 1,400 किलोमीटर उंचीवर आहेत आणि ते आरशासारखे काम करतात. आपला संदेश ते लगेच खाली परतवतात, त्यामुळे त्याच वेळी त्या उपग्रहाला जमिनीवरचे एखादे केंद्र दिसत असावे लागते. जिथे केंद्रे जवळ आहेत तिथे ही सेवा उत्तम चालते, खुल्या महासागराच्या मध्यावर तिची हमी नाही. इनमारसॅटचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर 35,786 किलोमीटरवर, आपल्या दृष्टीने एका जागी स्थिर असतात. जहाजाला ते सोयीचे, कारण अँटेना कोणत्या दिशेला हवी हे पक्के ठाऊक असते. पण ध्रुवांकडे जावे तसे ते क्षितिजाला टेकत जातात आणि मध्ये एक डोंगर आला की संपले. मालमोटारींवर अशी सेवा 1988 पासून आहे. क्वालकॉम या कंपनीची ‘ऑम्निट्रॅक्स’ ही व्यवस्था केबिनच्या छतावर घुमटासारखी अँटेना बसवून, स्थिर उपग्रहांमार्फत चालकाशी संदेशांची देवघेव करायची आणि गाडीची जागा कळवायची. तेव्हा जे काम छतावरच्या त्या घुमटाने व्हायचे ते आता खांद्यावरच्या पट्ट्याला अडकवता येते, एवढाच यातला सारांश, आणि पायी फिरणाऱ्याने फक्त आपण जाणार तिथे कोणते जाळे पोहोचते हे नकाशावर एकदा पाहून घ्यावे.

माग काढण्याची सोय, म्हणजे घरच्यांना दिसणारा ठिपक्यांचा नकाशा, हा या यंत्राचा सर्वांत लोकप्रिय भाग आहे आणि माझ्या मते सर्वांत गैरसमज पसरवणाराही. मी ठिपक्याचे अंतर दहा मिनिटांवर ठेवले होते. चढावर ताशी तीन किलोमीटर चाल धरली तर दोन ठिपक्यांत अर्धा किलोमीटर जातो. त्या अर्ध्या किलोमीटरमध्ये वाट नागमोडी गेलेली असते, पण नकाशा दोन ठिपके सरळ रेघेने जोडतो. एकदा दरीच्या कडेने मोठा वळसा घालून मी पलीकडच्या अंगाला पोहोचलो. मधले दोन ठिपके झाडीमुळे गेले नाहीत. नकाशावर माझी रेघ कड्यावरून थेट दरीत उतरून पलीकडे निघालेली दिसत होती, आणि ती काढायला लागलेला वेळ होता तीस मिनिटे. दादाने ते पाहिले तेव्हा मी पलीकडच्या झऱ्यावर पाय बुडवून बसलो होतो. पाठोपाठ त्याचे तीन संदेश आले. पहिला ‘कुठे आहेस?’, दुसरा ‘अरे उत्तर दे’, आणि तिसऱ्यात फक्त प्रश्नचिन्ह.

दुसरा प्रसंग मुक्कामाचा. नदीकाठच्या एका अरुंद जागी तंबू लावला होता आणि यंत्र रात्रभर चालू राहिले. मोकळ्या आकाशाखाली जीपीएसची जागा पाच-सात मीटरच्या आत बरोबर येते, पण उंच कातळांच्या मध्ये संकेत भिंतीवर आपटून उशिरा पोहोचतात आणि यंत्राला ते अधिक अंतर वाटते. त्या रात्री माझा ठिपका साठेक मीटर सरकून नदीच्या मधोमध जाऊन बसला आणि तिथेच राहिला. पहाटे साडेपाचला दादाचा संदेश: ‘रात्रभर पाण्यात दिसतो आहेस. काय प्रकार आहे?’ मी तंबूतून हात बाहेर काढून उत्तर पाठवले की मी कोरडा आहे आणि झोपलो होतो. ते वाचून त्याला हसू आले असेल असे मला वाटले होते. घरी गेल्यावर कळले की त्याने रात्री दोनपासून डोळ्याला डोळा लावला नव्हता.

यात यंत्राचा दोष किती? तांत्रिकदृष्ट्या जवळजवळ नाहीच. नकाशाने मात्र सुधारणा करायला हवी. शेवटचा ठिपका किती मिनिटांपूर्वीचा, हे ठळक अक्षरांत दिसावे. दोन ठिपक्यांच्या मधली रेघ तुटक असावी, कारण ती अंदाजाची आहे. जागेच्या अचूकतेचे वर्तुळ ठिपक्याभोवती दिसावे. आमच्या नकाशावर यातले काहीच ठळक नाही. वेळ पाहायला ठिपक्यावर टिचकी मारावी लागते आणि ती सूचनाही दादाला दुसऱ्या भटकंतीनंतर सापडली. जो पाहतो त्याला ठिपका म्हणजे ‘आत्ता’ वाटतो. तो नेहमी ‘मघाशी’ असतो. थांबलेला ठिपका म्हणजे थांबलेला माणूस असे वाटते, पण थांबलेला ठिपका म्हणजे बहुतेक वेळा झाडाखालून चाललेला माणूस असतो.

त्यावर आम्ही केलेला उपाय कागदावरचा आहे. निघण्यापूर्वी दादाला लिहून देतो की अमुक टप्प्यात झाडी आहे, तिथे ठिपके तुटतील. चार तास काहीही आले नाही तरी काही करायचे नाही. संध्याकाळी आठपर्यंत मुक्कामाचा संदेश आला नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत थांबायचे, आणि त्यानंतर अमुक क्रमांकावर फोन करायचा. ठिपक्याचे अंतरही दहावरून तीस मिनिटांवर नेले. आश्चर्य असे की ठिपके कमी झाल्यावर घरातली काळजीही कमी झाली. दहा मिनिटांनी येणारी गोष्ट अकराव्या मिनिटाला आली नाही की मन लगेच घोड्यावर बसते.

संदेशांकडे वळतो. एका संदेशाला 160 अक्षरांची मर्यादा आहे, आणि ती इंग्रजी अक्षरांची आहे. आपल्याकडे ही अडचण थोडी वेगळी बसते. ‘सुखरूप पोहोचलो’ हे दोन शब्द आपण बोलायला छोटे समजतो, पण संगणक काना, मात्रा, उकार सगळे सुटे मोजतो. मधली जागा धरून ते चौदा घटक होतात आणि युनिकोड या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीच्या नेहमीच्या रूपात प्रत्येक देवनागरी घटकाला तीन बाइट (साठवणीचे माप) आणि मधल्या जागेला एक लागत असल्यामुळे एकूण चाळीस बाइट. इरिडियमच्या छोट्या संदेशांच्या सेवेत या आकाराची यंत्रे वर पाठवताना एका वेळी 340 आणि खाली घेताना 270 बाइट एवढेच पेलतात, तेव्हा हा हिशेब अगदीच पुस्तकी नाही. माझ्या यंत्राच्या स्वतःच्या पडद्यावर देवनागरी उमटतही नाही, चौकोन दिसतात. ब्लूटूथने फोन जोडला तर ॲपमध्ये ती नीट लिहिता-वाचता येते. पण फोनची बॅटरी संपली त्या दिवशी आईने दादाकडून लिहून घेतलेला संदेश मला सतरा चौकोनांच्या रूपात मिळाला आणि तो काय होता हे तीन दिवसांनी कळले. (शेजारणीचे बारसे झाले, एवढेच होते.) तेव्हापासून घरून येणारे महत्त्वाचे संदेश रोमन अक्षरांतच येतात. मराठी लिहिणाऱ्यांनी हे यंत्र घेण्यापूर्वी ही एक गोष्ट दुकानातच तपासून घ्यावी.

आधी लिहून ठेवलेल्या संदेशांची सोय मला फार आवडते. तीन मजकूर ठरवून ठेवायचे आणि एकेक बटण दाबून पाठवायचे. माझ्या सेवेत ते मासिक मर्यादेत धरले जात नाहीत. मात्र हे मजकूर फक्त संकेतस्थळावर जाऊन बदलता येतात, म्हणजे जिथे ते बदलण्याची गरज भासते नेमके तिथे बदलता येत नाहीत. माझे तीन होते: ‘निघालो’, ‘उशीर होईल, काळजी नसावी’ आणि ‘मुक्कामी पोहोचलो’. एका संध्याकाळी दुसरा पाच वाजता पाठवला आणि तिसरा साडेसातला. उपग्रहापर्यंत आणि जमिनीवरच्या केंद्रापर्यंत दोन्ही वेळेत गेल्याची नोंद आहे. पुढे साध्या मोबाइल संदेशांच्या वाटेवर आधी पाठवलेला कुठेतरी अडकला आणि दादाच्या फोनवर ‘मुक्कामी पोहोचलो’ आधी व ‘उशीर होईल’ नऊ वाजता उमटला. मुक्कामी पोहोचलेल्या माणसाला आणखी उशीर कशाचा, यावर घरात जी चर्चा झाली ती मला सविस्तर ऐकवण्यात आली. आता प्रत्येक मजकुराच्या शेवटी त्या वेळचा अक्षांश-रेखांश आणि वेळ आपोआप जोडला जाईल अशी निवड केली आहे. ती सोय पहिल्यापासून होती, मीच बंद ठेवली होती.

अक्षांश-रेखांशाचा विषय निघालाच आहे तर एक धोका सांगायलाच हवा. यंत्र जागा तीन-चार पद्धतींनी दाखवू शकते. अंश आणि मिनिटे, अंश-मिनिटे-सेकंद, किंवा नुसते दशांश. 45 अंश 30 मिनिटे म्हणजे 45.5 अंश. कोणी ते घाईत 45.30 असे टिपून घेतले तर उत्तर-दक्षिण दिशेने 22 किलोमीटरची चूक होते, आणि शोधायला निघालेली माणसे दुसऱ्याच खोऱ्यात उतरतात. यंत्रावर, घरच्या नकाशावर आणि दादाच्या कागदावर आम्ही एकच, दशांशाची पद्धत ठेवली आहे. दशांशाच्या तिसऱ्या अंकापर्यंत साधारण 110 मीटरचा आणि पाचव्यापर्यंत मीटरभराचा नेमकेपणा येतो, त्यामुळे फोनवर सांगताना पाच अंक सांगायचे, हेही ठरलेले आहे.

बॅटरीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तीस मिनिटांच्या ठिपक्यांवर उघड्या प्रदेशात आठवडाभर सहज निघतो, दाट रानात त्याच्या निम्म्यातच चार्जिंगची आठवण होते, कारण संदेश जात नाही तोवर यंत्र पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते. कडाक्याच्या थंडीत रात्री ते झोपण्याच्या पिशवीत घेऊन झोपावे.

संकटाच्या बटणाविषयी मला अर्धाच अभिप्राय देता येईल, कारण ते मी कधी दाबलेले नाही आणि दाबायची वेळ येऊ नये. ते एका छोट्या झाकणाखाली आहे. झाकण घट्ट आहे, हातमोजे घालून उघडायला मला चार प्रयत्न लागले, पण पिशवीत चुकून दाबले जाण्यापेक्षा हे बरे. दाबल्यावर संदेश चोवीस तास चालणाऱ्या एका खासगी केंद्राकडे जातो, तिथली माणसे आपल्याशी संदेशांतून बोलतात, काय झाले, किती जण आहेत, चालता येते का हे विचारतात, आणि जवळच्या बचाव यंत्रणेला कळवतात. हे दुहेरी बोलणे, माझ्या मते, या यंत्राची सर्वांत मोठी किंमत वसूल करते. पाय मुरगळणे आणि पाय मोडणे यांना लागणारी मदत वेगळी असते आणि नुसता ठिपका तो फरक सांगू शकत नाही. केंद्राला कळणे आणि माणसे पोहोचणे यांत मात्र हवामान, अंतर आणि त्या भागातली यंत्रणा एवढे सगळे उभे असते, आणि ते कोणत्याही वर्गणीत मोडत नाही.

ज्याला गप्पा मारायच्या नाहीत, केवळ शेवटचा उपाय हवा, त्याने वैयक्तिक संकटदर्शक, म्हणजे पीएलबी, पाहावा. तो 406 मेगाहर्ट्झवर, 5 वॉट एवढ्या शक्तीने बोलतो, चालू केल्यावर किमान 24 तास चालतो, आणि त्याला मासिक वर्गणी नसते, फक्त नोंदणी करावी लागते. त्याच्या मागे असलेली कोस्पास-सारसॅट ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांनी शीतयुद्धाच्या काळात मिळून उभी केली, आणि 1982 मध्ये तिच्या पहिल्या उपग्रहाने काम सुरू केल्यावर काही महिन्यांतच पहिली माणसे वाचली. युरोपच्या आजच्या गॅलिलिओ उपग्रहांमुळे काही संकटदर्शकांना ‘तुमचा संकेत मिळाला’ एवढी पोचही परत येते. त्यापलीकडे मात्र एक शब्द बोलता येत नाही. फोनमध्येच ही सोय आली आहे, मग वेगळे यंत्र कशाला, असाही प्रश्न हल्ली येतो. 2022 च्या नोव्हेंबरपासून आयफोन 14 मध्ये ग्लोबलस्टारच्या उपग्रहांमार्फत संकटसंदेश पाठवता येऊ लागला, आणि पडद्यावरच्या खुणेप्रमाणे फोन उपग्रहाच्या दिशेने धरला की तो चालतो. ही सोय असलेला फोन जवळ असणे केव्हाही चांगले. पण ती ठरावीक देशांतच मिळते, फोन हातात धरून रोखावा लागतो, आणि ज्या घसरणीत माणूस पडतो त्याच घसरणीत फोनची काचही फुटते. माझ्या मित्राचा फोन गेला तो खिशातच, बसताना.

सेवेबद्दलची तक्रार शेवटी ठेवली आहे, कारण ती यंत्राशी नाही, विक्रेत्याशी आहे. वर्गणी हवी तेव्हा चालू आणि नको तेव्हा बंद करता येते असे सांगून ती मला विकली गेली. बंद करताना मात्र कळले की महिना पूर्ण होण्याच्या आधी ठरावीक दिवस कळवले नाही तर पुढचा महिना लागू होतो, आणि बंद ठेवलेल्या काळातही ‘खाते राखण्याचे’ शुल्क आहे. दोन्ही गोष्टी करारात होत्या, अकराव्या कलमात. पत्राला उत्तर सहाव्या दिवशी आले आणि त्यात मला तेच अकरावे कलम नम्रपणे पुन्हा पाठवले होते. घेणाऱ्याने यंत्राच्या किमतीपेक्षा वर्गणीचा कागद आधी वाचावा. किती ठिपके, किती मोकळे संदेश, बंद ठेवण्याची अट, आणि बचावाचा खर्च कोणी करायचा. हा शेवटचा खर्च बहुतेक वर्गण्यांत धरलेला नसतो आणि त्यासाठी वेगळा विमा लागतो. त्याचबरोबर ज्या देशात जायचे तिथले नियमही पाहावेत, कारण काही देशांत उपग्रहाशी बोलणारे यंत्र परवानगीशिवाय नुसते जवळ असणेही गुन्हा ठरते.

माझी वर्गणी मी मागच्या महिन्यात वर्षभरासाठी वाढवली. तीन तयार मजकुरांपैकी ‘उशीर होईल, काळजी नसावी’ हा काढून टाकला आहे, त्याच्या जागी ‘वाट बदलली, सविस्तर नंतर’ असा घातला आहे. दादाने नकाशाचे ॲप फोनच्या पहिल्या पानावरून दुसऱ्या पानावर नेले आहे.